मतपत्रिकेवर न्यायाधीशांची रांग, ओळखीचा एकही नाही

ताई, नमस्कार. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. मागच्या वर्षी नागरिकत्वाची शपथ झाली, त्यामुळे या नोव्हेंबरात माझं इथलं पहिलंच मतदान. नमुना मतपत्रिका उघडून बसले. वरची मोठी पदं, इथपर्यंत ठीक होतं. पुढे न्यायाधीशांची नावंच नावं, संपता संपेनात, आणि बहुतेकांपुढे नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’. आमचे हे म्हणतात, वरची चार मतं दे आणि ये घरी. ऑफिसमधली मैत्रीण सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणते, त्याशिवाय यांना वचक बसत नाही म्हणे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरतेय, ती कुणी केली कुणालाच माहीत नाही. माझे बाबा सध्या आमच्याकडे आलेत, साताऱ्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. ते तर हबकलेच. म्हणाले, “जज मतं मागायला लागला तर न्याय कुणाला देणार?” मला काही सुचत नाही. मतपत्रिकेवर दोन नावं भारतीय वाटतात, त्यांना तरी ‘हो’ म्हणू का?
– नवी मतदार, शॉमबर्ग

प्रिय नवी मतदार,

आधी बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो सगळ्यात अवघड आहे. साताऱ्याच्या कोर्टात उभी हयात गेलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटणारच. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा द्या, मुलाखत द्या, मग बदली-बढती सगळी हायकोर्टाच्या हातात. मतदाराचा संबंध येतो कुठे? इथेसुद्धा फेडरल कोर्टातले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि ते तहहयात बसतात. टीव्हीवर ज्यांच्यावरून भांडणं होतात ते हे. पण घटस्फोट, मुलांचा ताबा, भाडेकरूला बाहेर काढणं, मृत्युपत्राचा वाद, ट्रॅफिकचं तिकीट, खुनाचा खटला, हे जवळपास सगळं राज्याच्या कोर्टात चालतं, आणि इलिनॉयमध्ये तिथले न्यायाधीश 1848 च्या राज्यघटनेपासून लोक निवडून देत आलेत. मतं मागणारा न्यायाधीश न्याय कसा देणार, हा प्रश्न इथल्या कितीतरी वकिलांनाही पडतो. बाबांना सांगा, ते एकटे नाहीत.

त्या प्रश्नावर राज्यानं अर्धंमुर्धं उत्तर काढलं, आणि तेच तुमच्या मतपत्रिकेवर दिसतंय. न्यायाधीश पहिल्यांदा निवडून येतो तो पक्षाच्या तिकिटावर, चारचौघांसारखी निवडणूक लढवून. एकदा आला की पुढे त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो. सर्किट कोर्टाचा, म्हणजे खटला पहिल्यांदा चालतो त्या कोर्टाचा, असेल तर दर 6 वर्षांनी आणि अपील कोर्टाचा किंवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा असेल तर दर 10 वर्षांनी मतदारांना एवढंच विचारतात, की या व्यक्तीला पदावर ठेवायचं का? पक्षाचं नाव नाही, विरोधक नाही, फक्त हो किंवा नाही. राहायचं तर 60 टक्के ‘हो’ मिळवावी लागतात. शिकागो आणि तुमचं शॉमबर्ग ज्यात येतं त्या कुक काउंटीत चारशेच्या आसपास न्यायाधीश आहेत, त्यातले काही सर्किट न्यायाधीशांनीच नेमलेले असोसिएट, जे मतदानाला येतच नाहीत. उरलेल्यांपैकी दर दोन वर्षांनी एवढे एकदम दाराशी येतात की माणसाला घेरी यावी.

आता एक बारकावा. 60 टक्के मोजतात ते त्या प्रश्नावर ज्यांनी मत दिलं त्यांच्यातले. तुम्ही रकाना कोरा सोडलात तर तुमचं वजन कुठल्याच पारड्यात पडत नाही, आणि ज्यांनी मत दिलं त्यांचं तेवढं वाढतं. तुमच्या यजमानांचा ‘वरची चार मतं’ हा हिशोब इथे फसतो. वरच्या मोठ्या पदांच्या निवडणुकीत राज्यभरची लाखो मतं असतात. ही खालची नावं बघायला मात्र फार कमी लोक थांबतात.

मैत्रिणीच्या ‘सगळ्यांना नाही’बद्दलही बोलते. असे मतदार दरवेळी असतातच. त्यामुळे उत्तम न्यायाधीशालासुद्धा शंभरात साधारण वीसेक ‘नाही’ पडतात आणि तो आरामात राहतो. पण वाईटालाही तेवढीच पडतात आणि तोही आरामात राहतो! सरसकट ‘नाही’नं सगळ्यांची पातळी थोडीशी खाली येते, वेगळा कुणीच पडत नाही. कुक काउंटीत 1990 नंतर तब्बल 28 वर्षं एकही न्यायाधीश या परीक्षेत नापास झाला नव्हता. 2018 साली मॅथ्यू कॉग्लन पडले. त्यांना निम्म्याहून जास्त मतदारांनी ‘हो’च म्हटलं होतं, तरी 60 चा आकडा गाठता आला नाही. ते ज्या कारणानं पडले ते महत्त्वाचं आहे. सरकारी वकील असतानाच्या त्यांच्या जुन्या खटल्यांबद्दल बातम्या आल्या, डेमोक्रॅटिक पक्षानं त्यांना पाठिंबा द्यायचं नाकारलं, आणि मग पुष्कळ लोकांनी यादीतून त्यांचंच नाव शोधून ‘नाही’ केलं. दोन वर्षांनी, 2020 साली, आणखी एका न्यायाधीशाच्या बाबतीत तेच घडलं. वचक बसतो तो असा, नाव हेरून.

आणि तो बसायची गरज आहे का, तर आहे. 1980 च्या दशकात एफबीआयनं याच काउंटीच्या कोर्टांत ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ नावाची छुपी मोहीम चालवली. दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटले पैसे देऊन निकालात काढले जात होते, वकील न्यायाधीशांना पाकिटं पोचवत होते. एका न्यायाधीशाच्या चेंबरमध्ये मायक्रोफोन लावावा लागला. देशात असं पहिल्यांदाच झालं. शेवटी 92 जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात 17 न्यायाधीश आणि 48 वकील होते. इथे जुने लोक अजूनही हे सांगतात. शिवाय सप्टेंबर 2023 पासून इलिनॉयनं पैसे भरून जामीन ही पद्धतच बंद केली, असं करणारं हे पहिलं राज्य. म्हणजे खटला सुरू होण्याआधी एखाद्याला कोठडीत ठेवायचं की घरी जाऊ द्यायचं, हे आता खिशातल्या पैशांवर नाही, समोर बसलेल्या न्यायाधीशाच्या विवेकावर ठरतं. त्या माणसाला ओळखून घ्यायला एवढं कारण पुरे.

आता भारतीय नावांचं. रागावू नका, पण हा मोह तुम्हाला एकटीला झालेला नाही, आणि त्याचा इथला इतिहास मजेशीर आहे. कुक काउंटीच्या राजकारणात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे न्यायाधीशाच्या निवडणुकीत आयरिश नाव चालतं, आणि ते बाईचं असेल तर फारच चालतं. कारण सरळ आहे. रिकाम्या जागांची खरी लढत मार्चमधल्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते. तिथे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, सगळ्यांच्या पत्रकांवर ‘न्यायप्रिय, अनुभवी, निःपक्षपाती’. मतदाराला फरक करायला नावाशिवाय हातात काहीच उरत नाही. मग काही वकिलांनी काय करावं? कोर्टात अर्ज करून आयरिश नाव घेतलं. प्रकार इतका वाढला की 2007 साली राज्यानं कायदा केला, निवडणुकीआधीच्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर जुनं नावही छापायचं. त्यावरही तोड निघाली. एका वकिलानं 2012 साली आयरिश नाव घेतलं, तीन वर्षं उलटू दिली आणि 2018 साली निवडून येऊन न्यायाधीश झाला. आपलं आडनाव बघून शिक्का मारणारा मतदार आणि ‘ओ’नं सुरू होणारं आडनाव बघून मारणारा मतदार यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. आपल्या लोकांना आडनावावरून माणसाची अख्खी कुंडली मांडायची सवय आहे, ती निदान या रकान्यात बाजूला ठेवू या.

नावाखेरीज आणखी एक गंमत म्हणजे क्रमांक. मतपत्रिकेवर पहिलं नाव असण्याचा फायदा होतो म्हणतात, म्हणून अर्ज भरायच्या पहिल्या दिवशी सकाळी राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, निवडणूक मंडळाच्या दाराशी रांग लागते, आणि दार उघडताना रांगेत असलेल्यांमध्ये चिठ्ठ्या काढून पहिला क्रमांक ठरतो. न्यायमूर्तिपदाचा प्रवास असाही सुरू होतो.

मग करायचं काय? लग्नासाठी स्थळ बघताना मुलाच्या बायोडेटावर कुणी विसंबत नाही, त्याच्याबरोबर काम करणाऱ्याला गाठून विचारतात. इथे काम करणारे म्हणजे वकील. शिकागोच्या वकील संघटना प्रत्येक उमेदवाराची आणि पदावर असलेल्या प्रत्येक न्यायाधीशाची चौकशी करतात. प्रश्नावली भरून घेतात, त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या वकिलांशी बोलतात, मुलाखत घेतात आणि शेरा देतात. शिकागो बार असोसिएशन, शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्स, आणि मग डझनभर संघटनांची मिळून एक आघाडी आहे, त्यात महिला वकिलांची, कृष्णवर्णीय वकिलांची, आशियाई वकिलांची, आणि हो, दक्षिण आशियाई वकिलांचीही संघटना आहे. सगळ्यांचे शेरे ‘व्होट फॉर जजेस’ या वेबसाइटवर एकत्र मिळतात. तुमची ती दोन भारतीय नावं तिथेच बघा. आपल्याच वकिलांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलंय ते वाचून मग ‘हो’ म्हटलंत तर माझी ना नाही.

एवढी नावं वाचायची म्हणजे अभ्यासच, असं वाटेल. तसं नाही. तक्ता उघडला की दिसेल, बहुसंख्य न्यायाधीशांपुढे सगळीकडे ‘पात्र’ असतं. त्यांच्यावर वेळ घालवू नका. एखाद्याच्या रांगेत दोन-तीन ‘पात्र नाही’ किंवा ‘शिफारस नाही’ आले की तिथे थांबायचं. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात, आणि तुमची संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवायची. कौन्सिल ऑफ लॉयर्स नुसता शेरा देऊन सोडत नाही, प्रत्येकाबद्दल परिच्छेदभर लिहितं, ते वाचा. भाषा अगदी मोजूनमापून असते, पण ओळींमधलं कळतं. ‘कायद्याचं ज्ञान चांगलं, स्वभाव उतावळा’ अशा अर्थाचं काही दिसलं तर समजा की या कोर्टात वकील मान खाली घालून उभे राहतात. ‘कामकाज उशिरा सुरू होतं’ असं दिसलं, तर कामावरची अर्धी रजा टाकून आलेल्या माणसाचा विचार करा. मला स्वतःला कायद्याच्या एखाद्या चुकीपेक्षा उर्मटपणा जास्त खटकतो. चूक अपिलात दुरुस्त होऊ शकते, उर्मटपणावर अपील नाही.

एक सावधगिरी. ‘शिफारस नाही’ हा शेरा दोन कारणांनी मिळतो. एक, चौकशीत माणूस खरंच कमी पडला. दुसरं, त्यानं प्रश्नावलीच भरली नाही, मुलाखतीला गेलाच नाही, मग आपोआप तो शेरा लागतो. दोन्ही एकच नव्हेत. अर्थात लोकांच्या पगारावर बसून लोकांच्या चौकशीला उत्तर न देणारा न्यायाधीश मला फारसा आवडत नाही, पण तो लाच खातो असा त्याचा अर्थ होत नाही. आणि वकिलांचे शेरे म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. त्यांचेही हितसंबंध असतात, उद्या ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याच्याबद्दल जपून बोललं जातं. वकील न परवडणाऱ्या माणसाशी न्यायाधीश कसा वागतो, हे वकील कितपत सांगणार?

म्हणून दुसरी बाजूही बघा. शिकागोत ‘इनजस्टिस वॉच’ नावाचं ना-नफा वृत्तसंस्थेचं कार्यालय आहे. ते निवडणुकीच्या तोंडावर न्यायाधीशांची मार्गदर्शिका काढतं. कुणावर शिस्तभंगाची कारवाई झाली, कुणाचे निकाल अपील कोर्टानं कडक शब्दांत फिरवले, कुणाबद्दल बातम्या आल्या, ते नावानिशी असतं. शंका आलेल्या पाच-सहा नावांसाठी हे वाचलंत की पुष्कळ झालं. न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी बघणारं ज्युडिशियल इन्क्वायरी बोर्ड 1970 च्या राज्यघटनेनं नेमलंय. त्यानं एखाद्यावर रीतसर आरोप ठेवले की ते कागद सर्वांना बघता येतात. ज्या जागांवर लढत आहे तिथे उमेदवाराला पैसे कुणी दिले, हे राज्याच्या निवडणूक मंडळाच्या वेबसाइटवर असतं. देणगीदारांत बहुतेक वकीलच दिसतील, आणि तुमचे बाबा पुन्हा एकदा कपाळावर हात मारतील.

उमेदवाराच्या स्वतःच्या वेबसाइटवर मात्र वेळ दवडू नका. अमुक खटल्यात तमुक निकाल देईन असं आश्वासन द्यायला न्यायाधीशाला आचारसंहितेनंच बंदी आहे, त्यामुळे तिथे कुटुंबाचा फोटो, कुत्रा आणि ‘कायद्याचं राज्य’ यापलीकडे फारसं काही सापडत नाही. गर्भपात किंवा बंदुकांबद्दल हा काय म्हणतो, असा शोध घेणाऱ्या मैत्रिणी मला भेटतात. ट्रॅफिक कोर्टात किंवा मृत्युपत्रांच्या विभागात बसणाऱ्या न्यायाधीशासमोर ते प्रश्न येतच नाहीत.

बाबा तुमच्याकडे आहेतच, तर एक काम नक्की करा. शॉमबर्गचे खटले रोलिंग मेडोजच्या कोर्टात चालतात, तुमच्या घरापासून फार लांब नाही. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. ओळखपत्र, चिठ्ठी, काही लागत नाही, दाराशी तपासणी होते आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. काही कामकाज झूमवरही चालतं. मी उपनगरातल्या एका कोर्टात अशी एक सकाळ बसले होते, भाडेकरूंची प्रकरणं चालू होती. एक बाई वकिलाशिवाय उभी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत भाड्याच्या पावत्या. न्यायाधीशानं घरमालकाच्या वकिलाला थांबवलं, बाईला विचारलं, दुभाषी हवा का, आणि दुभाषी येईपर्यंत तिचं प्रकरण मागे ठेवलं. मग एकेक पावती हातात घेऊन तारखा मोठ्यांदा वाचल्या. बाजूच्या खोलीत त्याच वेळी दुसऱ्या न्यायाधीशासमोर तशीच प्रकरणं भराभर उरकत होती, समोरचा माणूस “पण साहेब” म्हणेपर्यंत पुढचं नाव पुकारलं जायचं. दोघांच्याही नावापुढे तक्त्यात ‘पात्र’ होतं. बाबांना हे बघायला फार आवडेल. शिरस्तेदाराची नजर वेगळीच असते, कारकून फाइल कशी पुढे करतो यावरून ते तुम्हाला साहेबाची तऱ्हा सांगतील.

व्हॉट्सॲपच्या यादीबद्दल फक्त एक विचारा: ही कुणी केली? पक्षाची असेल तर पक्षाची म्हणून वाचा. कुक काउंटीत डेमोक्रॅटिक पक्ष उमेदवार निवडून आपली यादी वाटतो आणि त्या प्रचाराच्या खर्चात उमेदवारांकडून वाटाही घेतो. पदावर राहू इच्छिणाऱ्या न्यायाधीशांची मिळून एक समितीसुद्धा आहे, तिचा सल्ला काय असतो ते सांगायला नको. कर्ता कोण हेच कळत नसेल तर ती यादी पुढे ढकलू नका, मंडळाच्या ग्रुपवर तर अजिबात नाही.

मतदानाच्या दिवसाचं सांगते. काउंटी क्लर्कच्या वेबसाइटवर पत्ता टाकून स्वतःची नमुना मतपत्रिका छापून घ्या. शेजारची बाई वेगळ्या उपविभागात असू शकते, तिची तुम्हाला चालणार नाही. स्वतःच्या छापील नमुन्यावर पेनानं खुणा करा आणि कागद आत घेऊन जा, मतदान केंद्रात स्वतःसाठी टिपण नेता येतं. फोनवर यादी ठेवून भर गर्दीत वर-खाली करत बसण्यापेक्षा कागद बरा, आणि भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढायच्या भानगडीत तर पडूच नका. लवकर मतदानाची सोय असते, आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, मागे रांग नसते.

इतकं करूनही काही नावांबद्दल मन होईना, तर तेवढी कोरी सोडा. सगळी भरलीच पाहिजेत असा नियम नाही, कोऱ्या रकान्यांमुळे बाकीची मतं बाद होत नाहीत. अपील कोर्टाची नावं मात्र सोडू नका. ती थोडी असतात, त्यांची मुदत 10 वर्षांची, आणि त्यांचे निकाल छापील मिळतात. यजमानांना म्हणावं, तेवढी तुम्ही वाचून काढा.

– तुमची ताई